आयपेरीची दुसरी सुई

बुरुलताई म्हणजे आमच्या खोऱ्यातली नर्स. एकवीस वर्षं पोरांच्या दंडांशी गाठ, पण तिला खरं दमवलं ते सागिनबेक म्हाताऱ्याच्या आयपेरीनं. म्हणजे पोरीनं नव्हे, तिच्या माणसांनी.

गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवर एकच लस. पहिली सुई वर्षाची झाल्यावर, दुसरी सहाव्या वर्षी. आयपेरीचं सहावं सरत आलेलं, दुसरी सुई राहिलेली, आणि शेजारच्या खोऱ्यात गोवरानं पोरं फणफणलेली.

ताईनं आधी तिच्या आईला, जिपारगुलला गाठलं.

"मला काय विचारता ताई? आपल्याकडच्या रीतीनं थोरली जन्मताच सासऱ्यांच्या ओटीत घातली, त्यांचीच लेक म्हणून. मला तर ती वहिनी म्हणते. मामंजींना विचारा."

मामंजी उन्हाळ्यात मेंढरं आणि आयपेरीला घेऊन वरच्या कुरणात. ताईनं बर्फाची लसपेटी घोड्याला बांधली आणि चार तास चढली. म्हाताऱ्यानं तंबूत बसवून घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा पुढं केला.

"पोर माझीच गं. पण कागदावर नाव सूनबाईचं. उद्या म्हणाली, मला न विचारता टोचलीत, तर?"

"ती म्हणते, तुम्हाला विचार."

"मग तिला सांग, मी म्हणतो तिला विचार."

मानपान चालू, पण बर्फ कुणासाठी थांबतो? ताई लस तशीच घेऊन खाली उतरली, वाटभर घोड्याशी बडबडत.

तिसऱ्या दिवशी तिनं पेटीत नवा बर्फ भरला आणि जिपारगुलला पिठाच्या हातांनिशी घोड्यावर मागं बसवलं.

वर पोचल्यावर सून मान खाली घालून म्हणाली, "मामंजी म्हणतील तसं."

म्हातारा म्हणाला, "सूनबाई म्हणेल तसं."

"गोवर दारात येईल ना, तेव्हा विचारणार नाही ही कुणाची लेक म्हणून," ताई म्हणाली. "जिपारगुल, तू सही कर. आबा, तुम्ही तिला मांडीवर घ्या. अर्धा होकार तुझा, अर्धा तुमचा. पुरे मला."

सही झाली. आयपेरी वाळल्या दह्याची गोळी चोखत आबांच्या मांडीवर बसली. सुई टोचली तेव्हा डोळे आबांनीच मिटले.

मग दाढी कुरवाळत ते म्हणाले, "एवढंच होतं, तर परवाच उरकायचं ना पोरी. उगाच दोन खेपा घातल्यास."

पेटी बांधताना ताईनं पट्टा असा ओढला, की घोड्यानं मान वळवून पाहिलं.