चंपाषष्ठीची लाकडं

चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवायचा आणि वांगं लाकडाच्या जाळावरच भाजायचं, हा माझ्या सासूबाईंचा कायदा. त्यांच्या लग्नापासून त्यात खंड नाही. पण त्या वर्षी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लेकीच्या मदतीला आलेल्या सासूबाई सिंगापुरात अडकल्या.

"गॅसवरचं वांगं देवाला चालतं का हो, जावईबापू?"

"ओव्हनमध्ये बघू या का, आई?"

त्यांनी असं पाहिलं की ओव्हनसुद्धा खाली मान घालेल.

नशीब, आमच्या भाड्याच्या बैठ्या घराला मागे अंगण होतं आणि शेजारच्या चिनी आंटींनी नुकतंच रांबुतानचं झाड तोडलं होतं. मी फांद्या मागून आणल्या. सासूबाईंनी त्या रचल्या आणि गावी पावसाळ्यात बांधतात तशी ताडपत्री चारी बाजूंनी करकचून बांधली. वाऱ्यालाही आत शिरायची परवानगी नाही!

दुसऱ्या सकाळी आंटींनी बुटक्या भिंतीवरून वाकून ताडपत्रीची बाजू वर सारली. सासूबाईंनी खाली ओढली. पुढच्या दिवशी पुन्हा वर. हा प्रयोग मी रोज खिडकीतून चहाबरोबर बघायचो आणि ऑफिसला उशिरा पोचायचो.

"ओ बाई, लाकडं तुमची आहेत का?" सासूबाई कडाडल्या. लाकडं मूळची आंटींचीच, हे त्या साफ विसरल्या होत्या.

"कॅनॉट लाइक दॅट ला! इनसाइड ऑल वेट!"

"काय म्हणते ही?"

"आत ओल धरेल म्हणतात."

"मला शिकवते! जन्म गेला माझा चुलीपुढे!"

मग एका दुपारी कुबट वास आला म्हणून त्यांनी गाठी सोडल्या. आत पाणी ठिबकत होतं, फांद्यांवर पांढरी बुरशी, मध्येच दोन अळंब्या. गावी उन्हात कडकडीत वाळलेली लाकडं झाकायची असतात. ही तर ओली, आणि इथली हवा बारा महिने दमट.

सासूबाई पायरीवर बसल्या. "यंदा देवाचं राहिलं," एवढंच म्हणाल्या.

भिंतीवरून एक कुऱ्हाड पुढे आली. आंटींनी बोटांनी दाखवलं: बारीक, अजून बारीक. मी फोडत गेलो. खाली विटा, लाकडांमध्ये फटी, ताडपत्री फक्त डोक्यावर, बाजू मोकळ्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मला रागवताना त्यांचं छान जमायचं.

चंपाषष्ठीला पाऊस होताच. मागच्या पत्र्याखाली तीन विटांची चूल मांडली. आधी नुसता धूर. सासूबाईंचे ओठ पुटपुटत होते. आणि मग तडतड करत जाळ उठला! छत्री धरून उभ्या असलेल्या आंटींनी टाळ्या पिटल्या. वांग्याची साल तडकली. एवढ्यात एक लाकूड सुंसुं करत फेस गाळायला लागलं, आणि दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"जाड फोडलंत!"

"टू थिक ला!"

मी ते निमूट बाहेर ओढलं.

भरिताचा नैवेद्य झाला, येळकोटाचा गजर झाला. पहिली वाटी भिंतीवरून पलीकडे गेली. जावयाला दुसरी.