अप्पमचा अकरा पानी निकाल

सोमतिलक रणवकांनी जन्मात कधी पीठ भिजवलं नव्हतं. तरीही कोलंबोच्या बंदरात पिठातलं त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नसे. परदेशातून आलेला प्रत्येक माल जकातीच्या पुस्तकातल्या कुठल्या ना कुठल्या आकड्याखाली बसवावा लागतो, कारण आकड्यावर जकात ठरते. हे बसवण्याचं काम करणाऱ्या चार-पाच अधिकाऱ्यांत रणवकांकडे एकोणिसावं प्रकरण होतं. तयार मिश्रणं आणि कणकेचे गोळे. कच्चा गोळा एका आकड्याखाली आणि भट्टीची आच लागली की तोच गोळा दुसऱ्या आकड्याखाली. अर्धवट भाजून गोठवलेला पाव आला की रणवक खिशातून भिंग काढून त्याची साल न्याहाळत, आणि कारकून श्वास रोखून उभे राहत.

हे वेड ते घरीही घेऊन येत. वत्तळला त्यांच्या गल्लीत रोज संध्याकाळी पावाची रिक्षा गाणं वाजवत यायची. ती चालवणारा सुगतपाल एकदा गमतीनं म्हणाला, "मामा, हा माशाचा बन. ह्याला तुमच्या पुस्तकात पाव म्हणतात की मासा?"

रणवकांनी बन हातात तोलला आणि गंभीरपणे सांगितलं, की वजनात वीस टक्क्यांहून जास्त मासा असेल तर हा पाव नव्हेच, ह्याचं प्रकरण सोळावं.

"मग निश्चिंत असा," सुगतपाल म्हणाला. "अख्ख्या कोलंबोत एवढा मासा बनमध्ये घालणारा बेकरीवाला अजून जन्मायचाय."

गल्ली आठवडाभर हसत होती. रणवक मात्र त्या वीस टक्क्यांचा विचार करत राहिले.

दोन हजार तेरा साली झैनब सालदीन त्यांच्या टेबलासमोर येऊन बसली. कोलंबोतल्याच कोंपञ्ञवीदिया वस्तीतली मलय बाई, वय पस्तिशीचं. मलेशियात जोहोरला तिच्या मामेभावाचा कारखाना होता, तिथून तिनं अप्पमच्या, म्हणजे वाटीसारख्या जाळीदार धिरड्याच्या, पिठाचे दोनशे खोके मागवले होते. तांदूळ, नारळाची भुकटी, खमीर, मीठ. पाणी घातलं की झालं. बेकरीच्या मालाचं मिश्रण म्हणून तिनं अर्ज भरला होता, कारण त्यावर जकात कमी. रणवकांनी अर्ज वाचला आणि त्यांचे डोळे चमकले. असा प्रश्न नोकरीत एकदाच येतो.

तीन आठवडे खपून त्यांनी अकरा पानांचा निकाल लिहिला. त्यातला मुद्दा असा, की अप्पम हा बेकरीचा पदार्थ नाही. तो भट्टीत होत नाही, चुलीवर छोट्या कढईत होतो. सबब हे मिश्रण बेकरीच्या मालाचं नव्हे, 'इतर खाद्यपदार्थ' ह्या सदरातलं. जकात जवळजवळ दुप्पट.

झैनबनं सांगून पाहिलं, की आमच्या कोपऱ्यावरची बेकरी रोज संध्याकाळी अप्पम विकते, दाराबाहेर रांग लागते. रणवकांनी ते नोंदवून घेतलं आणि सहाव्या पानावर खोडून काढलं: बेकरीवाला छत्र्या विकायला लागला म्हणून छत्री बेकरीचा माल होत नाही. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की घरी येऊन त्यांनी बायकोला, हेमामालीला, दोनदा वाचून दाखवलं.

निकाल हातात घेऊन झैनब उठली. तिनं विचारलं, "महत्तया, तुम्ही स्वतः कधी अप्पम केलाय का हो?"

रणवक म्हणाले, की त्याचा इथे संबंध येत नाही.

अपील फेटाळलं गेलं. झैनबचा धंदा दोनशे खोक्यांवरच आटोपला. निकालाची प्रत मात्र नव्या अधिकाऱ्यांना नमुना म्हणून वाचायला देऊ लागले.

एकोणीस साली रणवक निवृत्त झाले. रिकामा माणूस घरात किती जड होतो, हे हेमामालीला दोन महिन्यांत कळलं. ती चार शेजारणींना घेऊन मसाले आणि पिठं करायची. लेक निर्मणी मेलबर्नला होती, तिथल्या लंकेच्या लोकांत ती हा माल खपवायची. बावीस साली देशात डॉलरचा दुष्काळ पडला, तशी हेमामालीनं अप्पमच्या पिठाची पहिली मोठी खेप पाठवली. कागदपत्रं अर्थातच रणवकांनी केली, आणि सदर लिहिलं 'इतर खाद्यपदार्थ'.

तिकडच्या अधिकाऱ्याचं पत्र आलं. त्यानं नम्रपणे कळवलं होतं, की सदर चुकलं आहे. पातळ धिरड्यासारखे पदार्थ बेकरीच्या मालातच धरले जातात, त्यामुळे हे पीठ बेकरीच्या मालाचं मिश्रण ठरतं. जकात कमी बसेल, जादा भरलेली परत मिळेल.

हेमामाली खूश झाली. रणवक टेबलाशी बसून हरकतीचा अर्ज लिहू लागले.

"अहो, आपण जिंकलोय," ती म्हणाली.

"चुकीच्या कारणानं जिंकलोय."

"मग जास्त पैसे भरायला अर्ज करणार? माझ्या पिठाचे?"

त्यांनी तीन दिवस लिहिलं आणि चौथ्या दिवशी अडले. अप्पमला आच फक्त खालून लागते, हे ठासून लिहायचं होतं, आणि ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिणं त्यांना पटेना. ते पहिल्यांदाच स्वयंपाकघरात शिरले. त्या दिवसांत गॅस कुठेच मिळत नव्हता. हेमामालीनं मागच्या दारी नारळाच्या करवंट्या पेटवल्या होत्या. तिनं कढई त्यांच्या हातात दिली. पीठ ओतून कढई फिरवायची, म्हणजे कडेला जाळी धरते. पहिला अप्पम मधोमध गोळा होऊन बसला. दुसरा कढईला चिकटला. तिसऱ्याला हेमामालीनं त्यांचं मनगट धरून कढई फिरवली, वर झाकण ठेवलं आणि झाकणावर चिमट्यानं निखारे रचले.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"वरून भाजायला नको? आई असंच करायची. गॅस आला आणि आम्ही आळशी झालो."

रणवक त्या निखाऱ्यांकडे बघत बसले. खालून आच, वरून आच, मध्ये झाकलेलं पीठ. एकतीस वर्षं ते ज्याला भट्टी म्हणत आले, ती मागच्या दारी करवंट्यांवर धुमसत होती. अप्पम झाला, हेमामालीनं तो त्यांच्या ताटात टाकला, आणि बराच वेळ त्यांनी त्याला हात लावला नाही.

हरकतीचा अर्ज फाडला, तरी त्यांना चैन पडेना. पत्ता शोधत ते कोंपञ्ञवीदियात झैनबकडे गेले. ती आता लग्नकार्यांसाठी वत्तलप्पम, म्हणजे नारळाच्या दुधातलं वाफवलेलं पक्वान्न, करून देत होती, घरभर गूळ आणि वेलदोड्याचा वास. रणवकांनी उभ्यानंच सांगून टाकलं, की तुमचं बरोबर होतं, निकाल माझा चुकला.

झैनबनं हात पुसले. "नऊ वर्षं लागली तुम्हाला?"

"अप्पम करून बघायला लागली," रणवक म्हणाले.

ती रागावेल अशी त्यांनी तयारी केली होती. तिनं वाटीभर वत्तलप्पम पुढे ठेवलं आणि सांगितलं, की तो धंदा बुडाला म्हणून हा सुरू झाला, ह्यात मामेभावाची कटकट नाही. मात्र त्या छत्रीच्या वाक्यासाठी तुम्हाला मी रोज शिव्या घातल्या, साधारण दोन वर्षं.

मग रणवकांनी जुन्या खात्याला लिहिलं, की माझा निकाल रद्द करावा. उत्तर लगेच आलं आणि नियमाला धरून होतं: निकालाचा फेरविचार फक्त बाधित आयातदाराच्या अर्जावर होतो. हे असं लिहायला नव्या मुलांना त्यांनीच शिकवलं होतं. ते पुन्हा झैनबकडे गेले. ती म्हणाली, की आता मला वेळ नाही आणि इच्छाही नाही.

पुढल्या वर्षी नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायचं आमंत्रण आलं. विषय होता तो निकालच. रणवक इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि उभं राहून सरळ म्हणाले, "ह्यात मूळ मुद्दाच चुकलाय. मी अप्पम होताना पाहिला नव्हता."

मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं टाळी वाजवली, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या अंगी असलेला हा विनय पाहून सगळ्यांनीच वाजवली. चहाच्या वेळी तिघांनी निकालाच्या प्रतीवर त्यांची सही मागितली. रणवकांनी सही केली आणि प्रत्येक सहीखाली 'चुकीचा' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. तिघांनी त्या प्रती जपून पिशवीत ठेवल्या.