मागं बघणारी दिपाली

दिपाली पुन्हा बाद झाली तेव्हा रत्नमाला मॅडमनी टायमर खिशात टाकला, चष्मा काढला आणि विचारलं, "तू मागं वळून नेमकं काय बघतेस गं?"

करमाडजवळच्या त्या बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या शेडमध्ये दहाबारा जण उभे होते. सगळे हसले. दिपालीला हसणाऱ्यांचा राग आला, मॅडमचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या अंगाचा आला. अंग म्हणजे काय शेजाऱ्याचं पोर आहे, की सांगितलेलं ऐकणारच नाही?

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. एका जागी खिळल्यासारखं उभं राहून, श्वास धरून नेम घ्यायचा, तो खेळ हा नव्हे. इथं टायमरची बीप झाली की कमरेचं पिस्तूल काढायचं आणि पळायचं. प्लायवूडच्या भिंतीआड थांबायचं, कागदी निशाणावर दोन गोळ्या टाकायच्या, पुन्हा पळायचं, पत्र्याच्या पाट्या पाडायच्या. वेळही मोजतात आणि नेमही. पिस्तुलं गॅसवर चालणारी, त्यातून सुटणार प्लॅस्टिकचे छर्रे. पण नियम मात्र खऱ्या पिस्तुलाचे. त्यातला सगळ्यांत मोठा नियम असा, की पिस्तूल हातात असताना नळीचं तोंड कायम समोर. पाय कुठंही जाऊ देत. नळी मागं उभ्या असलेल्या माणसांकडे फिरली की खेळ तिथंच संपला. मग रडून उपयोग नाही.

आणि दिपाली वळायची. चार पावलं पळाली की वळायची. नुसती मान वळवली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. ही कमरेतून वळायची, उजवा हात लांब करून, आणि त्या हातात पिस्तूल असायचं. मागचे लोक खाली बसायचे.

"रविवारी क्लबची मॅच आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यात वळलीस तर पुन्हा या शेडमध्ये यायचं नाही. रागानं बोलत नाही मी. मागं माणसं असतात."

रागानं बोलत नव्हत्या हेच वाईट. रागावल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

दिपाली शेंद्र्याच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसते. दिवसभर नटबोल्ट उलटेपालटे करून बघायचे, खोट असेल तो लाल डब्यात. गेल्या वर्षी कंपनीच्या क्रीडा सप्ताहात मॅडम हा खेळ दाखवायला आल्या होत्या. पोलिसातून निवृत्त झालेली, पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई. बीप झाली आणि ती बाई पळाली. आपल्याकडं बाई पळाली की लोक तिच्या पळण्याकडं बघतात आणि एकमेकांना कोपर मारतात. त्या दिवशी मात्र सगळे तोंड उघडं टाकून पाट्यांकडं बघत होते, कारण पाट्या धडाधड पडत होत्या. दिपालीला त्या क्षणी जे वाटलं ते तिला कुणाला सांगता आलं नाही. घरी एवढंच म्हणाली, "मला हे शिकायचंय."

बस, झालं. त्या दिवसापासून तिच्यामागं जो ताप लागला तो सुटलाच नाही.

पहिले कित्येक रविवार तिला एकही छर्रा मिळाला नाही. रिकामं पिस्तूल काढायचं, समोर धरायचं, परत ठेवायचं. बोट चापावर नाही, बाजूला सरळ. "बोट!" एवढा एकच शब्द मॅडम दिवसभर ओरडायच्या. शेवटी घरी आमटीची पळी हातात घेतली तरी दिपालीचं बोट दांड्यावर सरळ राहायला लागलं. कडक पट्टा हवा म्हणून ती शहरात शहागंजच्या बाजारात गेली, तर दुकानदार चामडं वाकवून दाखवत म्हणाला, "इत्ता कडक कायकू होना आपा? भैंस बांधनी है क्या?"

बिडकीनला घरी तर बोलायलाच नको. चुलते मल्हारकाका पहिल्याच आठवड्यात आले. बांधावरून शेजाऱ्याशी त्यांचं जुनं भांडण. चहा पिता पिता हळूच म्हणाले, "तू कायबी करू नको. नुसतं कमरंला लाव आन् बांधावर हुभी राह्य. बाकी मी बोलतो."

"काका, त्यातनं पिलास्टिकचं छर्रं निघतेत."

"ते त्याला कुठं ठावं हाय?"

मग एक स्थळ आलं. मुलाची आई सगळं ऐकून घेतल्यावर दिपालीकडं न बघता विचारती झाली, "आन् मुलीला राग येतो का लई?" त्या क्षणी आला होता, हे दिपालीनं सांगितलं नाही. चुलतभावाला रील काढायची होती. शेजारच्या लक्ष्मीबाईंना कुत्री हाकलायची होती. सगळ्या गावाला त्या पिस्तुलाचं काही ना काही काम होतं, फक्त खेळ म्हणजे खेळ हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. एवढं सगळं सोसून, सगळ्यांची तोंडं बंद करून ती त्या शेडमध्ये टिकली होती. आता स्वतःच्याच कमरेपायी ते सगळं हातचं जाणार होतं.

मॅचच्या आधी दोनतीन दिवस, पहिल्या पाळीवरून परतल्यावर, ती मायला आणायला माळावर गेली. माय, म्हणजे बानाबाई, अजून मेंढरं राखते. माळ आता पहिल्यासारखा राहिला नाही. निम्म्याला कंपन्यांचं कुंपण पडलंय. उरलेल्या पट्ट्यात बानाबाई पुढं, मेंढरं मागं. दिपालीनं स्कूटी उभी केली आणि बघत राहिली.

माय चार पावलं चालली आणि वळली. कमरेतून, उजवा हात लांब करून, हातात काठी. पुन्हा चार पावलं. पुन्हा काठीसकट तशीच गर्रकन.

दिपाली बांधावर मटकन बसली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं गं?" माय जवळ येत म्हणाली. "कामावरून काढलं का काय?"

"तू सारखी मागं का वळतीस?"

"आता हे काय इचारणं झालं! मागं कोण हाय माझ्या? शेवटचं मेंढरू कुणी बघायचं?" बानाबाई खेकसली. "तुझा बाप मागं हुता तवर मी कवा वळून बघितलं? त्यो मागून हाळी द्यायचा, 'हाय रं हायऽऽ'. हाळी आली की म्या समजायची, समदी हायत. त्यो लागला कंपनीत वॉचमन म्हणून. तवापासून मला वळावं लागायलंय. म्होरं तुला मेंढरांसंग धाडायची तवा तुला बी तेच शिकिवलं."

"लई चांगलं शिकिवलंस! त्याच्यापायी मला हाकलून द्यायलेत तिथून!"

दिपालीनं सगळं सांगितलं. बानाबाईनं ऐकलं आणि तिला त्यात अडचण म्हणून काही दिसलीच नाही. "येवढंच व्हय? मग मी येते रव्वारी. मी मागं हुभी राहते. तुला वळायचं कामच नाय."

रविवारी बानाबाई खरंच आली. नवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि प्रेक्षकांच्या दोरीला पोट टेकवून सगळ्यांच्या पुढं. पहिल्या फेरीत दिपाली पळाली, पहिल्या भिंतीपासून सुटली, कमर वळायला लागली, आणि मागून हाळी आली, "हाय गं हायऽऽ!"

कमर जागच्या जागी थांबली. दिपाली सरळ पुढं गेली. वर्षभरात पहिल्यांदा ती न वळता शेवटपर्यंत पोचली होती. आनंदानं तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं काम रत्नमाला मॅडमनी घेतलं. "कोण ओरडलं? खेळाडूला बाहेरून कुणी काही सांगायचं नाही! दंड बसतो!"

"म्या काय बी सांगितलं नाय," बानाबाई म्हणाली. "म्या हाळी दिली."

दुसऱ्या फेरीत तिनं पुन्हा दिली. दिपालीला दंडाचे गुण बसले आणि बानाबाईला बाहेरची वाट दाखवण्यात आली. मॅडम हात जोडून म्हणाल्या, "बाई, तुम्ही फाटकाबाहेर टपरीवर चहा घ्या. पैसे मी देते." बानाबाई तणतणत गेली. "पोटच्या लेकीला म्या हाळी द्यायची नाय, तर काय जालन्याच्या लोकांनी द्यायची?" हे तिचं वाक्य फाटकापलीकडूनही स्पष्ट ऐकू येत होतं. दिपालीला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

शेवटची फेरी सगळ्यात लांब. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये पाच ठिकाणी थांबायचं. बीप झाली. पहिली निशाणं नीट झाली. दुसऱ्या भिंतीकडं पळताना तिला पाठीवर तो ओळखीचा रिकामेपणा जाणवला. मागं कुणी नव्हतं. माय चहा पीत होती, आबा, म्हणजे बाप, दुसऱ्याच्या फाटकावर बसला होता. पाठ खाजायला लागावी तशी तिची कमर वळवळली, खांदा निघाला, हात निघाला.

"हाय रं हायऽऽ!"

हाळी तिच्याच घशातून आली होती. अख्खी शेड दचकली. हात समोर राहिला. भिंतीमागून दोन गोळ्या, पुन्हा पळणं, पुन्हा हाळी. लोक हसून लोळत होते. कुणीतरी शिट्टी मारली. दिपालीला लाज वाटत होती, संताप येत होता आणि ती पळत होती. शेवटची पाटी पडायलाच तयार नव्हती. तिच्यावर मॅगझिनमधले निम्मे छर्रे गेले. मग पिस्तूल रिकामं केलं, दाखवलं, कमरेला लावलं, आणि ती गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत राहिली.

मॅडमनी दुसऱ्या पंचांकडे, नानासाहेबांकडे बघितलं. "हिला काय करायचं? दंड?"

नानासाहेबांनी डोकं खाजवलं. "दुसरा ओरडला तर दंड आहे. खेळाडू स्वतः ओरडला तर काय, त्याचाच दम जातो."

दम गेलाच होता. निकाल लागला तेव्हा दिपालीचं नाव सगळ्यात खाली होतं. पण नावापुढं बाद लिहिलेलं नव्हतं. मॅडम जवळ आल्या. "शेवटची आलीस. नेम भिकार आहे. पुढच्या रविवारी सकाळी लवकर ये." आणि पाठीवर थाप न मारता निघून गेल्या. दिपालीला तेवढं पुरलं.

फाटकाबाहेर बानाबाई दुसरा चहा संपवून बसली होती.

"काय झालं?"

"शेवटची आले."

"म्हंजी समदी तुझ्या म्होरं गेली?"

"व्हय."

"मागं कोण राहिलं नाय?"

"नाय गं माय! मी हरले, हरले! एवढं कसं कळंना तुला?"

"हरले काय?" बानाबाई उठली, लुगडं झटकलं. तिच्याही आवाजाला आता धार आली होती. "शेवटचं माणूस लई पक्कं लागतं. हलकं माणूस मागं ठिवत नसतेत. तुझा बाप जलमभर शेवटी चालला. त्यो काय हरला हुता व्हय?"

दिपालीला चिडून सांगायचं होतं, की ही मॅच आहे, कळप नाही. इथं शेवटच्याला कुणी विचारत नाही. पण डोळ्यांपुढं आला तो मेंढरांच्या मागं हाळी देत चालणारा बाप. तिला एकदम रडू आलं, भर जालना रोडवर, टपरीवाल्यासमोर, आणि रडू आलं याचाही तिला राग आला.

"नाय," ती म्हणाली. "आबा नाय हरला."