लाइन आली, सुमनबाई

आमच्या वॉटर पार्कात रोज संध्याकाळी एक तरी चप्पल उरायची. जोडी नाही, एकच. एका पायात चप्पल घालून माणूस मूर्तिजापूरपर्यंत जातो कसा, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या चपला आम्ही एका पोत्यात टाकायचो. पोतं भरलं तरी फेकून द्यायला मन व्हायचं नाही, कारण एकेका चपलेमागं काहीतरी घडलेलं असायचं. पार्क बंद झाला, पोतं गेलं, घडलेलं तेवढं उरलं.

आता आम्ही जुनी मंडळी अधूनमधून अकोल्याला गजाननच्या दुकानात जमतो. गजानन आमचा मोटरवाला. पार्कातले पंप, मोटरी, वायरी सगळं त्याच्याकडे. आता त्यानं मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलंय. मी कॉस्च्युमच्या खिडकीत बसायची. लोकांना नायलॉनची हाफपँट आणि टी-शर्ट भाड्यानं द्यायचा, आणि "याच्याहून मोठा नाही का?" हे दिवसभर ऐकून घ्यायचं. माझा स्वभाव मुळात तिखट. त्या खिडकीनं तो आणखी तिखट केला.

आणि कँटीन सुमनबाईंचं. अंगावर नऊवारी लुगडं, हातात झारा. कँटीनच्या खिडकीतून समोरच निळी घसरगुंडी दिसायची, पार्कातली सगळ्यात उंच, बंद नळीची. लोक भज्यांची ऑर्डर द्यायचे, "आलोच" म्हणून जिना चढायचे, नळीतून धप्पकन पाण्यात पडायचे, बाहेर यायचे आणि भज्यांकडे न बघता पुन्हा जिना चढायचे. तोवर भजे थंड.

सुमनबाईंना हा अपमान वाटायचा.

"असं काय हाय वं त्या नळीत?" त्या मला विचारायच्या. "माहे गरम भजे सोडून माणूस पुन्हा वर जाते, म्हंजे काही तरी असनच. एक दिवस मी सोता जाऊन पाहीन."

बाकीचं सगळं सांगते, पण हे त्यांचं बोलणं लक्षात असू द्या.

*

पार्क भाऊसाहेबांचा. जमीन खारपाणपट्ट्यातली. बोअर मारला तर पाणी असं खारं की पिऊ शकत नाही, पिकाला देऊ शकत नाही, साबणाला फेस येत नाही. घरच्यांनी सांगितलं, विकून टाका.

भाऊसाहेब म्हणाले, "पेता येत नाही, ओलित करता येत नाही. पण पोहता तर येते न?"

आणि बडनेऱ्याच्या पुढं हायवेला लागून पार्क उभा केला. नाव ठेवलं 'समुद्रलाट'. पाण्यावरून तक्रारी यायच्याच. एकदा अमरावतीचे एक वकील ओल्या अंगानं ऑफिसात शिरले, म्हणाले, "पाणी खारट आहे तुमचं."

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "समुद्रावर गेले तर कोणाले सांगता?"

वकील टॉवेल गुंडाळून परत पाण्यात गेले. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या भावकीला घेऊन आले आणि भावकीला स्वतःच सांगत होते, अगदी समुद्रासारखं आहे म्हणून.

*

गेटवर बोर्ड होता: 'कॉस्च्युमशिवाय पाण्यात प्रवेश नाही.'

नांदगाव खंडेश्वरचे एक आजोबा आधी एकटे येऊन हा बोर्ड वाचून गेले होते. रविवारी नातवंडांना घेऊन आले. माझ्या खिडकीसमोर एक डॉक्टर, एक पोस्टमन आणि एक झाड उभं. शाळेच्या गॅदरिंगचे सगळे कपडे. झाडाच्या अंगाला पुठ्ठा, पुठ्ठ्याला खरा कडुनिंबाचा पाला.

मी म्हटलं, "आजोबा, हे काय?"

"कॉस्च्युम," आजोबा म्हणाले. "तुमीच लिहून ठेवलं न बाप्पा. तिघाइचे जमवता जमवता जीव गेला."

इतक्या उन्हात आलेल्या माणसाला काय समजावणार? मी त्या पोरांना आत सोडलं. थोड्या वेळानं मॅनेजर साहेब तणतणत आले. मॅनेजर साहेब पुण्याचे, शिस्तीचे.

"पूलमध्ये पाला कोणी टाकला?"

गजानन काठावर बसला होता. म्हणाला, "टाकला नाही साहेब. झाड पोहून राह्यलं."

*

साहेबांचं आणि आमचं पहिल्या आठवड्यातच वाजलं होतं. कारण एकच शब्द.

आमच्याकडे विजेला लाइन म्हणतात. लाइन गेली, लाइन आली, लाइन डिम आहे. लहान पोरगंसुद्धा असंच म्हणतं. साहेबांना लाइन म्हणजे रांग एवढंच ठाऊक. मे महिना, भर दुपार, निळ्या घसरगुंडीचा जिना माणसांनी खच्चून भरलेला आणि पंप बंद. साहेब खालून ओरडले, "गजानन, काय भानगड आहे?"

"लाइन नाही साहेब."

साहेबांनी जिन्याकडे बघितलं. "एवढी माणसं उभी आहेत आणि तू म्हणतोस लाइन नाही?"

"लाइन असती तं एवढी मानसं उभी काहून राह्यली असती?"

साहेब लाल झाले. त्यांना वाटलं हा तोंडावर थट्टा करतोय. "ही लाइन नाही तर काय आहे?"

"हे गर्दी हाय," गजानन म्हणाला. "लाइन दोन वाजता येते."

साहेब तरातरा ऑफिसात गेले आणि भाऊसाहेबांना म्हणाले, एक तर तो राहील नाहीतर मी. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आता लाइन आली काय?"

जनरेटर होता, नाही असं नाही. पण लग्नसराईत तो भाड्यानं जायचा. पार्कापेक्षा त्यानं लग्नंच जास्त पाहिली.

*

लाटेचं मशीन दुसऱ्याच वर्षी खाऱ्या पाण्यानं खाल्लं. साहेब म्हणाले, बोर्डावरून 'लाट' खोडून टाकू. भाऊसाहेब म्हणाले, "नाव समुद्रलाट हाय. लाट आलीच पाह्यजे. कशी आणाची ते तुमी पाहा."

मग गजाननने तोड काढली. दर तासाला माइकवरून सांगायचं: "वजनदार पाहुण्यांनी कृपया पुलाच्या भिंतीजवळ यावे." पहिल्या दिवशी कोणीच हललं नाही. सगळे एकमेकांच्या पोटाकडे बघत राहिले. शेवटी अकोल्याचे एक पाटील उठले, बनियन काढलं, म्हणाले, "लाजून काय करता लेकहो, पोरं वाट पाहून राह्यले." त्यांच्या मागं आणखी चार-सहा उठले. गजाननने शिट्टी मारली, सगळ्यांनी एकदम उडी घेतली.

अशी लाट मशीननं कधी दिली नव्हती. पलीकडच्या काठावरचे डबे वाहून गेले.

पाटील पुढं दर रविवारी यायचे. तिकीट काढायचे नाहीत. गेटवर विचारलं तर म्हणायचे, "मी स्टाफ हाय."

*

गेटशी सिमेंटचा वाघ होता, तोंडातून पाणी सोडणारा. खाऱ्या पाण्यानं त्याचे पट्टे गेले, मग एक कान गेला. लोक विचारायचे, बैल आहे का म्हणून. एकदा सेमाडोहहून परतणारी सहलीची बस आमच्याकडे थांबली. पोरांना जंगलात वाघ दिसला नव्हता, तोंडं पडलेली, आणि मास्तरांना परत गेल्यावर पालकांना तोंड द्यायचं होतं. मास्तरांनी वाघाकडे पाहिलं, पोरांना ओळीनं उभं केलं आणि म्हणाले, "नीट पाहून घ्या. घरी विचारलं तर काय सांगाचं?"

सगळी पोरं एका सुरात, "वाघ दिसला."

मागून एक बारीक आवाज आला, "सर, उलट्या करून राह्यला होता असं पण सांगू?"

*

आता सुमनबाई.

निळ्या घसरगुंडीच्या जिन्याशी साहेबांनी बोर्ड लावला होता: 'साडी नेसून घसरगुंडीवर सक्त मनाई.' पदर अडकतो, माणूस नळीत अडकतं, हे खरंही होतं. सुमनबाई एका सोमवारी, गर्दी नव्हती तेव्हा, जिन्याशी गेल्या. साहेबांनी बोर्डाकडे बोट दाखवलं.

"साडी लिहेल हाय," सुमनबाई म्हणाल्या. "हे लुगडं हाय. कास्टा मारेल हाय. अडकाले पदर कुठी हाय, दाखवा."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर लुगडं चढलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा गेल्या, म्हणाल्या, हे पातळ आहे. पातळही चढलं. असं करत करत बोर्डावर साडी, लुगडं, पातळ, धोतर, ओढणी, उपरणं, सगळं आलं. पेंटर कँटीनमध्ये भजे खायला बसला की सुमनबाईंनाच विचारायचा, "मावशी, यंदा काय लिहाचं?"

मी त्यांना म्हटलं, "मावशी, कॉस्च्युम घाला ना. मी चांगला बघून देते."

त्यांनी ती हाफपँट दोन बोटांनी उचलली, पुढून पाहिली, मागून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली. "लुगड्यात जाईन नाई तं जानार नाई. अन् जाईन तं मी जाईनच."

मी वरवर हसले. पण घरी जाताना मनात आलं, ही बाई इतकी वर्षं चुलीशी उभी, समोर सगळं गाव ओरडतंय, हसतंय, आणि हिनं एकदाही पाय भिजवलेला नाही. मला फार वाईट वाटलं.

*

मग पार्क बंद करायचं ठरलं. पाइप सडले होते, भाऊसाहेब थकले होते, नागपूरकडे मोठेमोठे पार्क झाले होते. शेवटच्या दिवशी पाहुणे नव्हतेच. आम्ही स्टाफ होतो, पाटील होते, आणि भंगारवाल्यांची माणसं. निळी घसरगुंडी दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसकटरनं कापायची होती. त्या माणसांनी सुरुवात म्हणून सुटं सामान आधी गाडीत टाकलं. त्यात जिन्याजवळचा बोर्डही गेला.

सुमनबाईंनी ते खिडकीतून पाहिलं. गॅस बंद केला, कढई झाकली, कास्टा घट्ट केला आणि जिना चढायला लागल्या.

साहेब म्हणाले, "बाई, नियम आहे."

"कुठी हाय?" सुमनबाईंनी मागं वळून न बघता विचारलं. "भंगारात गेला."

साहेबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब पुलाच्या काठाशी खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "गजानन, मोटर चालू कर." साहेब मला घेऊन वर गेले, सुमनबाईंचा पदर कमरेला नीट खोचला आहे ना ते मला तपासायला सांगितलं आणि खाली गेले. मी वरच थांबले. नळीतून पाणी खळखळत निघालं. सुमनबाई तोंडाशी बसल्या, दोन्ही हातांनी कडा धरल्या, डोळे मिटले.

आणि मोटर बंद पडली. पाणी थांबलं. वरचा बल्ब विझला.

गजानन खालून ओरडला, "लाइन गेली."

त्यानं वीज ऑफिसात फोन लावला. वायर तुटली आहे, उद्या दुपारपर्यंत होईल, असं तिकडून सांगितलं. सकाळी तर नळीच राहणार नव्हती.

"मावशी, उतरा आता," मी म्हटलं.

"ज्या जिन्यानं आली त्याच जिन्यानं खाली जाऊ?" सुमनबाई म्हणाल्या. "मी काय हवा खायाले चढली होती काय? बसली मी इथीच. लाइन येऊ दे."

ऊन कलायला लागलं. कोरड्या नळीतून माणूस घसरत नाही, साल निघते, हे सगळ्यांना माहीत. सुमनबाई हलल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडू आलं. सांगायला लाज कसली.

"रडतं काहून?" त्या म्हणाल्या. "मी उठली काय?"

खाली बकेटांचा आवाज झाला. मी वाकून पाहिलं. मॅनेजर साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुलात उभे होते. त्यांनी एक बकेट भरून गजाननच्या हातात दिली. गजाननने जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या पाटलांना दिली. पाटलांच्या वर भंगारवाल्यांची माणसं, त्यांच्या वर गेटवाला, झाडूवाल्या बाया, पार माझ्यापर्यंत. भाऊसाहेब खुर्चीवरून उठून रिकाम्या बकेटा पुलात बुडवत होते.

साहेबांनी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि वर बघून ओरडले, "सुमनबाई, लाइन आली!"

सुमनबाईंनी विझलेल्या बल्बकडे पाहिलं. मग खाली जिन्याकडे पाहिलं.

"ओत वं," त्या मला म्हणाल्या.

मी ओतलं. मागून आलेली ओतली, त्याच्या मागून आलेलीही ओतली. सुमनबाईंनी कडा सोडल्या. नळीत एकदाच त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि मग काहीच ऐकू आलं नाही. खाली धप्पकन आवाज झाला.

आम्ही सगळे जिन्यावरून, हातात बकेटा धरून, खाली वाकलो. साहेब कमरेएवढ्या पाण्यात धावले. सुमनबाई उठून उभ्या राहिल्या, तोंडावरचं पाणी पुसलं, पदर पिळला. ओल्या लुगड्यानं सरळ आमच्या त्या जिन्याशी आल्या आणि एकेकाच्या बाजूनं वाट काढत वर चढायला लागल्या.

"बकेट कोणी खाली ठेवाची नाई," त्या म्हणाल्या.