जगदाळ्याची एका चालीतली मात

रियासती पलटणीचं विलीनीकरण चाललं होतं. आम्ही मुरारच्या बॅरकीत होतो. नवे बिल्ले आले, नवे नंबर आले, कवायतीचे हुकूमसुद्धा बदलले. नायक दत्ताजी जगदाळे माझा जोडीदार. त्याच्या डोक्यात नवं काही शिरायचंच नाही. परेडवर सगळे एकीकडे वळायचे, हा भलतीकडे. हवालदार मेजर ओरडून थकले.

नव्या ॲडज्युटंट साहेबांनी बुद्धिबळाच्या मॅचेस ठेवल्या. साहेबी नियम, प्रत्येक चाल कागदावर लिहायची. जगदाळ्याचा आणि माझा सरावाचा डाव रंगात आला होता. सोळाशेला, म्हणजे दुपारी चारला, व्हिसल झाली. कंपनीला मूव्ह ऑर्डर.

"माझ्या एका चालीत मात आहे तुला," जगदाळे म्हणाला.

"कुठे? दाखव."

"शोध. परत आल्यावर दाखवतो."

ट्रेनमध्येही विचारलं. नुसता हसला. मी चिडून बोलणंच टाकलं.

नवव्या दिवशी आघाडीवर मी वायरलेस सेटवर होतो, जगदाळे दोन नंबर चौकीवर. चौदा दहाला तोफा सुरू झाल्या.

"टू, रिपोर्ट. ओव्हर."

"जगदाळे हिट. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

चौदा पंचवीसला पुन्हा आवाज आला. "स्ट्रेचर नको. आउट."

पेन्शन घेऊन जयेंद्रगंजात राहायला आलो. त्या अर्धवट डावाच्या चालींचा कागद जपला होता. किती वर्षं तोच डाव मांडतोय! वजीर हलवून पाहिला, हत्ती पाहिला, उंट पाहिला. मात नाही म्हणजे नाही. डोकं फिरायचं. जाता जाता थाप मारून गेला लेकाचा! चारचौघांत मी त्याला फेकाड्या म्हणालोय.

परवा बायको चाय घेऊन आली. तिचे वडीलही रियासती फौजेतले. पट बघत उभी राहिली.

"भाऊजींचा राजा उडवून पाहिलात?"

"म्हणजे?"

"बाबांचा राजा, शह बसला नसेल तर, एकदा घोड्यासारखा उडायचा."

"अगं, तो नियम केव्हाच बंद झाला! साहेबी खेळात तसं चालत नाही."

"दत्तूभाऊजींच्या डोक्यात शिरलं होतं का ते?"

त्याचा राजा अडीच घरं उडवला. मागचा हत्ती मोकळा झाला, माझ्या राजाला शह. पळायला एक घर नाही.

नियमाने ती चाल रद्द. तेव्हा खेळला असता तर मी ओरडलो असतो, "गाढवा, नियम बदललेत!" तो हटून बसला असता. दोघंही तासभर भांडलो असतो. ते भांडण राहिलं, याचं फार वाईट वाटतं.

मी माझा राजा आडवा केला. कागदाखाली लिहिलं: विजयी, नायक दत्ताजी जगदाळे, जुन्या नियमाने.