दुखणाऱ्यांच्या खोलीत दचकायचं नाही

दुखणं दिसत नाही, हीच खरी भानगड आहे. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेलं हाड एक्स-रेवर दिसतं. पण नुसतं 'दुखतंय' म्हटलं की घरचेसुद्धा दोन महिन्यांत कंटाळतात. मग माणसं आमच्याकडे येतात आणि ते न दिसणारं काहीतरी दाखवायची धडपड करतात. त्यामुळे कळमनुरीतल्या आमच्या पेन क्लिनिकमध्ये किस्से नुसते साचत राहतात. मैत्रिणी म्हणतात, "सांग ना, तुझे भारी असतात!" मी सांगते. फक्त सांगताना भिंतीला पाठ लावून बसते.

*

फिजिओथेरपीची डिग्री घेऊन कामाला लागले, तो पहिलाच दिवस. बाकावर एक काका बसलेले. डावा गाल गुळगुळीत, नुकती दाढी केलेली. मी नाव पुकारलं, त्यांनी मान वळवली आणि उजव्या अर्ध्या चेहऱ्यावर गळ्यापर्यंत दाढी! मधोमध आखल्यासारखी रेघ. मी अशी किंचाळले की काकांनी गाल धरला आणि तिथंच कळवळले.

चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं ते. वारा लागला तरी करंट बसल्यासारखी कळ. दोन वर्षं त्या बाजूला ना वस्तरा, ना पाणी. दाताचं असेल म्हणून तीन चांगले दातही काढून झाले होते. ओठ न हलवता काका म्हणाले, "पोरी, घरची मांजर बी मला बघून अशीच वरडती."

क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं. "इथल्या माणसांना धक्का सोसत नाही. तू दचकलीस की ते दचकतात, आणि दचकले की कळ येते. महिनाभर बघू. नाही जमलं तर राहू दे."

औंढ्याला घरी सगळे 'बँकेची परीक्षा दे' म्हणून टपलेलेच होते. म्हणजे महिनाभर दचकायचं नाही. मी! कुकरच्या शिट्टीला दचकणारी!

*

नव्या पेशंटला आम्ही माणसाच्या आकृतीचा कागद देतो. दुखतं तिथं लाल पेनानं रंगवायचं. एका रिटायर्ड गुरुजींनी अगदी रेखीव गोल काढला, पण आकृतीच्या बाहेर! उजव्या खांद्यापासून चार बोटं लांब, कोऱ्या कागदावर.

"गुरुजी, माणूस इकडं आहे."

"दिसतो की मला. दुखणं तिकडं हाय."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत. "असं काढणारे असतात," म्हणाल्या. "मेंदूत शरीराचा नकाशा असतो. दुखणं फार दिवस राहिलं की तो नकाशा विस्कटतो."

समजलं. पटलंसुद्धा. पण गुरुजी निघाले ते दारातून तिरके होऊन, उजवीकडे जागा सोडून. "लागतं," म्हणाले.

आता ते आले की मीही त्या बाजूनं जागा सोडून जाते. मला कुणी सांगितलेलं नाही!

*

औंढ्याला देवळाजवळ बेल-नारळाचं दुकान असलेले एक मामा यायचे. शुगरनं पायाच्या नसा खराब झालेल्या. तपासायला पाय उचलला, तर तळव्यात ड्रॉइंग पिन. डोक्यापर्यंत रुतलेली! माझ्या हातातला ट्रे खडखडला, पण पडला नाही.

"मामा, ही कधीची?"

"कोणती?"

पिन काढली, जखम धुतली, पट्टी केली. मामा मोबाइलमध्ये गुंग. शेवटी पायावर पातळ चादर टाकली, आणि मामा असे ओरडले की बाहेरचा अख्खा बाक उठून उभा राहिला!

"काढा ती चादर! जाळून राहिली!"

*

एका साहेबांना कधीतरी कुणीतरी सांगितलं होतं, "मणका सरकलाय, वाकू नका." सहा वर्षं ते वाकले नव्हते. कमरेला पट्टा, बुटाची लेस बांधायला बायको. मॅडम सांगून दमल्या, "कंबर केव्हाच बरी झालीय. भीती तेवढी राहिलीय." साहेबांना पटायचं नाही.

एकदा सही करताना पेन खाली पडलं. साहेब बोलता बोलता वाकले, पेन उचललं, सरळ झाले. मग हातातल्या पेनाकडे बघून पांढरेफटक पडले.

"हे कुणी दिलं मला?"

बायको हळूच म्हणाली, "तुमीच उचललं की."

"शक्यच न्हाई!" म्हणाले, आणि पेन होतं तिथं परत नेऊन ठेवलं. वाकून!

*

महिन्याचा शेवटचा दिवस. मॅडम मुद्दाम दारात उभ्या.

आखाडा बाळापूरच्या सुभद्राबाईंचा डावा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात कोपरापासून गेला होता. पण त्या नसलेल्या हाताची मूठ आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली. वर्षभर धड झोप नाही. "हातच न्हाई, तर मूठ उघडू कशी?" म्हणायच्या.

त्याला उपाय आरशाचा. टेबलावर आरसा उभा ठेवायचा. उजवा हात त्याच्या पुढं, डावी बाजू त्याच्या मागं. उजवी मूठ उघडली की आरशात डावी उघडताना दिसते. डोळ्यांना पटलं की मेंदूलाही पटावं. तीन आठवडे पटलं नव्हतं.

मी समोर, आरशाच्या कडेशी बसले, एक हात आरशामागं ठेवून. टेबलावरचा माझा हात त्यांना दिसत नव्हता. हळदीच्या कामानं पिवळा झालेला त्यांचा तळवा उघडत होता, मिटत होता. आरशातलाही. बघता बघता मला भलतंच वाटायला लागलं. दचकायचं नाही म्हणून मी टेबलावर, त्यांचा हात असता तर जिथं आला असता तिथं, मूठ घट्ट आवळून धरली.

"उघडंना गं," सुभद्राबाई रडकुंडीला आल्या. "आज तर जास्तच आवळून राहिली."

मी माझ्या मुठीकडे पाहिलं. एकेक बोट करत ती सोडली.

सुभद्राबाईंचा श्वास सुटला. "उघडली! माय माय, उघडली!"

मी दचकले नाही. आवाज नाही, हालचाल नाही. दारातून मॅडमनी समाधानानं मान हलवली आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. टेबलावर माझा हात उताणा पडला होता. त्याची बारीक थरथर तेवढी थांबत नव्हती.

सुभद्राबाईंची नजर आरशातच होती.

"काहून थरथरून राहिली पोरी?" त्या हळूच म्हणाल्या. "धरलाय ना मी तुझा हात."