बिनसाखरेचा चहा

इंडोनेशियातल्या सोलो शहरातील लावेयान पेठेत बाटिकची एक जुनी कार्यशाळा आहे. तेथे वर्सीनीआजी पंचावन्न वर्षे वितळलेल्या मेणाने वस्त्रावर रेखन करीत आल्या. पैकी तीस वर्षे इतर बायकांचे काम पारखणे हेही त्यांच्याकडेच होते. त्या तीस वर्षांत त्यांनी कुणालाही ‘हे चुकले’ असे म्हटल्याचे मला स्मरत नाही, आणि माझे आयुष्य तर त्यांच्या शेजारच्या रंगकुंडांवरच सरले. सकाळचा चहा त्या स्वतः ओतीत. जिची रेघ ढळली असेल तिच्या पेल्यात त्या दिवशी साखर नसे. तिने तो तळापर्यंत प्यावा, रिकामा पेला परत देताना मान लववावी आणि चुकलेले मेण खरवडून पुन्हा मेणाच्या कढईपाशी बसावे, एवढाच तो विधी.

“काय गं, आज तोंड कडू?” बाकीच्या चिडवीत.

“उद्या तुझं होईल. ते फुलपाखरू काढलंयस की झुरळ?”

आता आजींची सत्तरी उलटली आहे आणि चहा त्यांची शिष्या तुकिनेम ओतते. गेल्या रमजानच्या महिन्यापासून आजींचा उजवा हात कापू लागला. बिंदूंच्या ओळी वाकड्या गेलेल्या त्यांना संध्याकाळी दिसत. सकाळी मात्र त्या सरळ झालेल्या असत. दुरुस्त करणारा हात त्यांनी ओळखला. बिंदू किंचित डावीकडे झुकवण्याची तुकिनेमची खोड त्यांनीच मायेने राहू दिली होती. आपला हात संपला की नाही, एवढेच त्यांना कुणाकडून तरी ऐकायचे होते. चहा मात्र दिवसेंदिवस अधिकच गोड येई.

“तुकिनेम, माझी रेघ कशी आहे गं?”

“चहा गार होतोय, आजी. आणि किती वाळलात! जेवता ना नीट?”

मग मालकांची कन्या लारास जाकार्ताहून शिकून परतली. तिने सर्वांना चटईवर बसवले. “आता मोकळेपणानं बोलायचं हं. एकमेकींच्या कामात काय खटकतं, ते सांगा.”

एकजण म्हणाली, “आजींचं काम तर उत्तमच.” चौदा जणींनी माना डोलावल्या. आजी हसल्या, आणि उरलेला वेळ आपल्या तळहाताकडे पाहत बसल्या.

दुसऱ्या सकाळी किटलीपाशी त्या सर्वांआधी पोहोचल्या. आपला पेला स्वतः भरून घेतला आणि जागेवर येऊन बसल्या.

“अगंबाई, आजींच्या चहात साखरच नाही!” पलीकडची सुलास्त्री चमचा घेऊन धावली.

तुकिनेमने तिचे मनगट धरले. “राहू दे.”

“अगं, पण कडू—”

“राहू दे म्हटलं ना.”

आजींनी चहा तळापर्यंत प्यायला. रिकामा पेला शिष्येच्या हाती देताना मान लववली. मग मेणाच्या लेखणीच्या तोटीत एक फुंकर घालून ती स्वच्छ केली, कढईच्या काठावर ठेवली आणि त्या उठल्या.

आजी बसत ती कढईची बाजू अजून रिकामी आहे.